चिऱ्याच्या घरात बाथरूम काढताय?

गोव्यात फोंडा तालुक्यातली जुनी न्हाणी, म्हणजे आंघोळीची जागा, अशी असायची. मागच्या दाराबाहेर, बाजूला चूल, चुलीवर पाणी तापवायचं तांब्याचं भाण, आणि आंघोळीचं पाणी सरळ माडाच्या आळ्यात. ओल घराबाहेर ठेवलेली होती. आत्ता आपण काय करतो, तर राजांगणाला, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाला, लागून असलेली खोली अर्धी करतो आणि आतच अटॅच्ड बाथरूम काढतो. काढा की, म्हाताऱ्या माणसांनी रात्री पावसात मागीलदारी का जावं? पण भिंत कसली आहे ते आधी बघा.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभा, आणि जुन्या घरात बरेचदा मातीत किंवा चुन्यात बांधलेली. चिरा पाणी पितो आणि वारं लागलं की सोडतोही, म्हणून तर एवढ्या पावसात ही घरं उभी राहिली. त्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल अडकते, भिंतीतनं वर चढते, पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटतात, लोणा, म्हणजे पांढरा क्षार, येतो, आणि ओल वाशांपर्यंत गेली की वाळवी आलीच. म्हणून बाहेरच्या बाजूला चुनाच ठेवा.

पाइपसाठी ब्रेकर लावून भिंत खोदायला तर अजिबात देऊ नका, मातीतले चिरे हादरून सैल होतात. पाइप भिंतीवरून घ्या, दिसले तर दिसू देत, गळती लगेच कळते.

खर्च करायचा तो टाइल्सच्या खाली. जमिनीला ट्रॅपकडे (पाणी जायच्या तोंडाकडे) नीट उतार, मग वॉटरप्रूफिंग, तेही भिंतीवर फूटभर वर चढवून आणि शॉवरच्या बाजूला पार डोक्याच्या वर. मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान 48 तास. मिस्त्री घाई करणार, टाइल्सवाला दारात उभा असणार, तरी थांबा, कारण टाइल्स बसल्यावर गळती सापडली की सगळं परत फोडावं लागतं.

एग्झॉस्ट फॅनची वाफ फॉल सीलिंगच्या वर सोडू नका, तिथे कौलांखालचं लाकूड आहे. थेट बाहेर सोडा.

आणि कमोड बसवणार असाल तर सोकपिटची, म्हणजे सांडपाणी जिरवायच्या खड्ड्याची, जागा विहीर बघून ठरवा, आपली आणि शेजाऱ्यांचीही. चिऱ्याच्या जमिनीतनं पाणी झिरपत लांब जातं, तेव्हा जितकं अंतर मिळेल तितकं घ्या, शक्यतो 18 मीटर तरी.