भरल्या ताटावरून उठलेले कोच

(अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ज्या विद्यापीठांच्या गावांत शनिवारी सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघतं, तिथे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं शिकताहेत. त्यामुळे कुठला फुटबॉल (अर्थातच अमेरिकन) हे मी सांगत बसत नाही. मी काही खेळातला जाणकार नव्हे. माझी उमर नोकरीचे करारनामे वाचण्यात गेली, आणि कॉलेज फुटबॉलच्या कोचांच्या करारनाम्यांइतकं मजेशीर वाचन त्या धंद्यात दुसरं नाही.

ताजं उदाहरण घेतो. 28 नोव्हेंबर 2025, शुक्रवार. मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने, म्हणजे ज्याला सगळे ‘ओल मिस’ म्हणतात त्याने, मिसिसिपी स्टेट या शेजारच्या वैऱ्याला हरवलं. 12 पैकी 11 सामने खिशात. राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांत, या विद्यापीठाला पहिल्यांदाच जागा मिळणार, हे जवळजवळ ठरलं. आणि रविवारी त्यांचे मुख्य कोच लेन किफिन लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, एलएसयूत, निघून गेले. सात वर्षांचा करार, वर्षाला सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर. ‘प्लेऑफ संपेपर्यंत मीच कोचिंग करतो,’ असा त्यांचा आग्रह होता. क्रीडा संचालक कीथ कार्टर यांनी सरळ नाही म्हटलं आणि बचावाची बाजू सांभाळणाऱ्या पीट गोल्डिंग यांच्या हाती संघ दिला. शत्रूच्या दरबारी रुजू झालेल्या माणसाला आपल्या ड्रेसिंग रूममध्ये कोण बसू देईल?

आता यातली खरी गंमत. ओल मिस प्लेऑफमध्ये जिंकत गेली तर किफिनना जो बोनस मिळाला असता, तो भरून द्यायचं एलएसयूने कबूल केलं होतं. म्हणजे ज्या पोरांना सोडून आले, त्यांच्या विजयाचे पैसे नव्या मालकाकडून! आणि पोरं जिंकली. टुलेनला हरवलं, जॉर्जियाला हरवलं, उपांत्य फेरीत मायामीकडून हरली. किफिनसोबत एलएसयूला निघालेले त्यांचे सहायक चार्ली वाइस ज्युनियर मात्र नव्या मालकाची परवानगी घेऊन परत आले आणि शेवटच्या सामन्यापर्यंत ओल मिसच्या आक्रमणाची आखणी करत राहिले. हा बारकावा लक्षात ठेवा, याच्यावर मी पुन्हा येणार आहे.

लोक चिडले. गद्दार, बेइमान, खाल्ल्या मिठाला न जागणारा. हे सगळं किफिननी पूर्वी ऐकलं होतं. 2010 च्या जानेवारीत एकच हंगाम करून ते टेनेसी सोडून दक्षिण कॅलिफोर्नियाला, यूएससीला गेले, तेव्हा नॉक्सव्हिलमधल्या टेनेसी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या होत्या. त्याच यूएससीने 2013 मध्ये त्यांना काढलं ते कसं? संघ हरून रात्रीच्या विमानाने परतला आणि पहाटे विमानतळावरच त्यांना नारळ दिला. त्या वेळी मालकाच्या निष्ठेसाठी कुणी गादी जाळल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझं म्हणणं असं की आपला राग बरोबर असतो, पण तो भलत्याच माणसाच्या वतीने असतो. आपण विद्यापीठाच्या वतीने चिडतो. विद्यापीठाचं काहीही बुडालेलं नसतं. त्याने निष्ठेची किंमत आधीच ठरवून, कागदावर लिहून घेतलेली असते.

हे कसं घडत गेलं ते एलएसयूच्याच इतिहासात छान दिसतं. 1990 च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने गेरी डिनार्डो नावाचे कोच नेमले, पाच वर्षांसाठी. करारात एक कलम होतं: पूर्ण पाच वर्षं काम करण्याचं वचन हा या कराराचा गाभा आहे, आणि मुदतीआधी गेलात तर उरलेल्या वर्षांच्या निव्वळ पगाराइतकी रक्कम भरायची. 1994 च्या अखेरीस एलएसयूने हाक मारली, डिनार्डो गेले. व्हँडरबिल्टने पैसे मागितले. डिनार्डो म्हणाले, हा तर दंड झाला, आणि कायद्यात दंड चालत नाही. प्रकरण अपील कोर्टात गेलं. 1999 मध्ये कोर्टाने सांगितलं की हा दंड नव्हे, आधी ठरवलेली भरपाई आहे. कोच गेला की नवा शोधायचा खर्च येतो, तिकिटविक्री घसरते, माजी विद्यार्थी रुसतात; हे नुकसान मोजता येत नाही म्हणूनच आधी आकडा ठरवायचा. आज ज्याला सगळे ‘बायआउट’ म्हणतात, त्याला भक्कम पाया देणारा हा निकाल. आणि त्याच 1999 मध्ये, हंगाम संपायच्या आत, एलएसयूने डिनार्डोंना काढून टाकलं!

भरपाईच का, तर माणसाला जबरदस्तीने राबवता येत नाही म्हणून. 1852 चा लंडनचा खटला आहे. योहाना वॅग्नर ही गायिका एका थिएटरशी करार करून दुसऱ्याकडे गायला निघाली. न्यायाधीश म्हणाले, मी तुला इथे गायला लावू शकत नाही, पण करार आहे तोवर तिथे गाऊ नकोस एवढं म्हणू शकतो. आपल्याकडे हाच मुद्दा कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच वर्षांचा करार, मध्येच राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत जास्त पगारावर गेला. 1967 मध्ये कोर्टाने मालकाची बाजू उचलली, पण कराराच्या मुदतीपुरतीच. आणि 2025 मध्ये एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून भरावे लागलेले दोन लाख रुपये कोर्टाने योग्य ठरवले. बाँड भरून सुटलेली माणसं या सभागृहातही असतील, हात वर करायला लावत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांना तर मालकाशी निष्ठा म्हणजे काय, हे मी शिकवायला नको.

पुन्हा एलएसयूकडे. डिनार्डोंच्या जागी निक सेबन आले, मिशिगन स्टेट सोडून, तेही त्या संघाचा ‘बोल’, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, बाकी असताना. एलएसयूला अर्थातच यात काही गैर दिसलं नाही. पाच हंगाम, त्यात एक राष्ट्रीय विजेतेपद, मग सेबन मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे गेले. 2006 च्या 21 डिसेंबरला पत्रकारांना त्यांनी निक्षून सांगितलं, ‘मी अलाबामाचा कोच होणार नाही.’ दोन आठवड्यांच्या आत, 3 जानेवारी 2007 ला, ते अलाबामाचे, म्हणजे एलएसयूच्या वैरी विद्यापीठाचे, कोच होते. आणि कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्या एलएसयूवाल्यांनी त्यांना सैतान म्हणायला सुरुवात केली. अलाबामात त्यांनी सहा विजेतेपदं मिळवली, तिथे त्यांचा पुतळा आहे. निष्ठेचा न्याय आपण धावफलक बघून करतो, हे एवढ्यावरून कळतं.

विद्यापीठं तरी कुठे निष्ठावान? फ्रँक सॉलिच नेब्रास्काकडून खेळले, तिथेच सुमारे दोन दशकं सहायक होते, मग मुख्य कोच झाले. 2003 मध्ये नऊ सामने जिंकून, तीन हरून त्यांची नोकरी गेली. जिम्बो फिशरना टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये काढलं, त्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं मान्य केलं. म्हणजे निष्ठा नसली तरी रोकड होती, आणि दोन्ही बाजू ती मोजून घेत होत्या. यात मला कुणाचीच कीव येत नाही.

कीव येते ती करारात ज्याचं नाव नव्हतं त्याची. कोच पोरं कशी जमवतो? घरी जाऊन. कोच सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं जेवतो, स्वयंपाकाची तारीफ करतो आणि सतरा वर्षांच्या मुलाला सांगतो, ‘पुढची चार वर्षं तू माझी जबाबदारी.’ मग मुलगा सही करतो. कशावर? 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत त्या कागदाचं नाव होतं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट. त्यात स्पष्ट कबुली होती: मी विद्यापीठाशी बांधला जातो आहे, एखाद्या कोचशी नाही, कोच गेला तरी मी बांधलेलाच. सोफ्यावर एक आणि कागदावर दुसरं. शिवाय 2021 पर्यंत नियम असा होता की फुटबॉल खेळणारा मुलगा दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात गेला तर सहसा वर्षभर बाकावर बसायचा. कोच मात्र रविवारी जाऊन सोमवारी कामाला लागू शकत होता.

ब्रायन केली या कोचचं बघा. 2009 च्या डिसेंबरात त्यांचा सिनसिनाटी विद्यापीठाचा संघ बारा सामने अपराजित होता. मोठा शुगर बोल तोंडावर आलेला असताना केली नोत्र दाम विद्यापीठाकडे निघाले. मुलांना ते कळलं संघाच्या मेजवानीच्या रात्री. त्यांच्याविना खेळून सिनसिनाटीने फ्लोरिडाकडून 51–24 असा सपाटून मार खाल्ला. बारा वर्षांनी नोत्र दामची पाळी. 11 विजय, 1 हार, प्लेऑफची आशा अजून जिवंत, आणि केलींची एलएसयूशी दहा वर्षांची, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरची बोलणी झालेली. बातमी आधी फुटली. मुलांना रात्री मेसेज आला, सकाळी सातला या. सातला मुलं जमली. काही मिनिटांत निरोप आटोपला आणि साहेब विमान पकडायला गेले. वर्षानुवर्षं पहाटे उठवून पळायला लावलेल्या पोरांसाठी तेवढीच मिनिटं. पुढे 2025 च्या ऑक्टोबरात एलएसयूने केलींनाही घरी बसवलं, सुमारे 5 कोटी 40 लाखांचं देणं डोक्यावर घेऊन. ती रिकामी खुर्ची किफिनना मिळाली.

म्हणून म्हटलं, चार्ली वाइसना विसरू नका. नोकरी त्यांनीही बदलली. कुणी गादी जाळली नाही, कारण पोरांचा हंगाम त्यांनी पुरा करून दिला.

कोचांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. कॅलेंडरच विचित्र आहे. नव्या मुलांच्या सह्या होतात डिसेंबरच्या सुरुवातीला. 2025 मध्ये 3 तारखेला. प्लेऑफ चालतं जानेवारीपर्यंत. ज्या विद्यापीठाला नवा कोच हवा, त्याला तो नोव्हेंबर संपायच्या आत लागतो, नाहीतर पुढची पोरं हातची गेली. आणि कोचने ‘हो, मी विचार करतोय’ असं खरं बोललं, तर त्याच दिवशी त्याच्या गळाला लागलेली मुलं दुसरीकडे फिरतात. सेबन खोटं बोलले हे खरं, पण या धंद्याने खऱ्यावर भलताच कर लावून ठेवला आहे. सह्या जानेवारीच्या शेवटी ढकलल्या तर निम्मी भांडणं मिटतील, असं माझं मत. ते होत नाही, कारण आज ज्या संघाच्या हाती मुलांचे होकार आहेत त्याला घाई आवडते.

एक किस्सा सांगायचा राहिला. रिच रॉड्रिगेज हे वेस्ट व्हर्जिनियाचे भूमिपुत्र. 2007 मध्ये घरचं विद्यापीठ सोडून मिशिगनला गेले. 40 लाख डॉलरच्या बायआउटवरून कोर्टकचेरी झाली, शेवटी मिशिगनने 25 लाख आणि त्यांनी स्वतः 15 लाख भरले. गावाने त्यांचं नाव टाकलं होतं. 2024 च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियाने त्यांनाच परत बोलावलं.

आता तुमच्या कामाचं. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर, म्हणजे जाहिराती वगैरे करून, कमाई करता येते, बदलीचे नियम सैल झाले, आणि 2025 च्या जूनमधल्या कोर्टाच्या समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. म्हणजे पोरांच्या हातीही करारनामे आले, आणि त्यांतही बायआउटची कलमं शिरली आहेत. कोच बदलला की खेळाडूंना बाहेर पडायची वेगळी मुदत मिळते, पण ती नियमांची मुदत. करारातलं देणं वेगळं. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाकडे, मग तो फुटबॉलचा असो की टेनिसचा, असा कागद आला तर आधी एवढंच शोधा: मुख्य कोच मुदतीआधी गेला तर मुलाला एक पैसा न भरता जाता येतं का? कलम नसेल तर घालायला सांगा. विद्यापीठाचे वकील कुरकुरतील. तेव्हा त्यांच्याकडे त्यांच्या कोचचा करारनामा मागा. सरकारी विद्यापीठ असेल तर तो बहुतेक वेळा सार्वजनिक कागद असतो. त्यात कोचला कुठल्या तारखेनंतर किती स्वस्तात जाता येतं, ते डॉलरनिशी लिहिलेलं सापडेल.

चला, आता प्रश्न घेऊ या.