सूअ‍ॅन बिग क्रो : पाइन रिजची लेक

[दृश्य : दक्षिण डकोटातलं हिवाळी माळरान. वाळलेलं गवत, त्यातून सरळ जाणारा महामार्ग.]

९ फेब्रुवारी १९९२. रविवारचा दिवस. अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यात, मर्डो या छोट्या गावाजवळ एका मोटारीला अपघात झाला. गाडीत मायलेकी होत्या. दोघी ह्युरॉन शहरातल्या एका समारंभाला निघाल्या होत्या. राज्यातल्या शाळांमधली सर्वांत चांगली बास्केटबॉलपटू कोण, त्याचा मान तिथं दिला जाणार होता.

आई वाचल्या. मुलगी गेली. महिनाभरानं तिला अठरावं पूर्ण झालं असतं.

तिचं नाव सूअ‍ॅन बिग क्रो. आईचं नाव लिॲट्रिस, पण सगळे त्यांना चिक म्हणत. दोघी ओग्लाला लकोटा, म्हणजे लकोटा या अमेरिकी मूलनिवासी समाजाच्या ओग्लाला शाखेतल्या. ही गोष्ट जेवढी लेकीची, तेवढीच आईची आहे.

[दृश्य : पाइन रिजचा परिसर. विखुरलेली घरं, अंगणात खांबाला ठोकलेली बास्केटबॉलची रिंग.]

पाइन रिज हे रिझर्व्हेशन आहे. म्हणजे सरकारनं मूलनिवासींसाठी आखून दिलेला राखीव प्रदेश. आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडा लहान. घरं लांब लांब, रोजगार फार थोडा, आणि हिवाळ्यात वारा असा सुटतो की माणूस घराबाहेर पडायला धजत नाही. अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांमध्ये पाइन रिजचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. इथं दारूला बंदी होती. पण राज्याची हद्द ओलांडली की पलीकडे नेब्रास्कात व्हाइटक्ले नावाची वस्ती होती. तिथं राहणारी माणसं डझनभर, बिअरची दुकानं चार, आणि वर्षाला खपणारे डबे लाखो. गिऱ्हाईक अर्थातच अलीकडचं. ती दुकानं बंद व्हायला २०१७ साल उजाडलं.

सूअ‍ॅन १५ मार्च १९७४ला जन्मली. तीन बहिणींत धाकटी. चिक एकट्यानं मुली वाढवत होत्या आणि त्यांची शिस्त कडक होती. दारूपायी आपल्या भोवतालची घरं कशी मोडतात, हे त्या रोज पाहत होत्या. आपल्या घरात ती येणार नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. धाकटीनं आईचा हा निश्चय स्वतःचा करून टाकला. पुढं तिचं नाव झाल्यावर ती लहान मुलांसमोर उभी राहून दारू आणि नशेपासून दूर राहायला सांगायची. शाळकरी पोरगी बोलतेय म्हणून कुणी हसण्यावारी नेलं नाही, कारण ती तसंच जगत होती.

आणि ती खेळायची. कशी खेळायची!

बास्केटबॉल हा लकोटा मुलामुलींचा जीव की प्राण. त्यांच्या खेळाला तिकडे ‘रेझबॉल’ म्हणतात. पळता चेंडू, दमछाक करणारा वेग, प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला उसंत नाही. डिसेंबरात रॅपिड सिटी शहरात ‘लकोटा नेशन इन्व्हिटेशनल’ ही स्पर्धा भरते. १९७७ साली ती पाइन रिजमध्येच सुरू झाली होती. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळं गणगोत तिथं लोटतं. आपल्याकडे जत्रेला माणसं गोळा होतात, तशी.

पाइन रिज हायस्कूलच्या मुलींचा संघ ‘लेडी थॉर्प्स’. जिम थॉर्प या थोर मूलनिवासी खेळाडूवरून हे नाव घेतलेलं. आठवीत असतानाच सूअ‍ॅन मोठ्या मुलींच्या संघाबरोबर सरावाला उतरली. पुढं एका सामन्यात तिनं एकटीनं ६७ गुण केले. शालेय मुलींच्या बास्केटबॉलमध्ये तो त्या वेळी राज्याचा विक्रम होता. हायस्कूलच्या कित्येक सामन्यांत एका अख्ख्या संघाचे एवढे गुण होत नाहीत.

१९८९मध्ये लेडी थॉर्प्स राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचल्या. समोर मिलबँकच्या मुली. सामना शेवटच्या क्षणापर्यंत लटकलेला. वेळ संपता संपता चेंडू सूअ‍ॅनच्या हातात आला, तिनं तो रिंगमध्ये टाकला आणि पाइन रिज राज्यविजेतं झालं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

[दृश्य : ब्लॅक हिल्स. काळसर पाइन वृक्षांनी झाकलेले डोंगर. लीड गावाजवळची सोन्याची जुनी उघडी खाण.]

पण सूअ‍ॅनचं नाव निघालं की लोक आधी सांगतात ते त्याच्या वर्षभर आधीचं. १९८८चा हंगाम. गाव, लीड.

लीडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. हे गाव ब्लॅक हिल्स डोंगरात आहे. लकोटांसाठी हे डोंगर पवित्र. १८६८च्या फोर्ट लॅरमी करारानं अमेरिकी सरकारनं ते लकोटांचेच राहतील, असं लिहून दिलं होतं. पुढं सहा वर्षांत तिथं सोनं सापडलं आणि करार गुंडाळला गेला. लीडची होमस्टेक खाण १८७६पासून सव्वाशे वर्षं सोनं उपसत राहिली. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की ही जमीन बेकायदा घेतली गेली, आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. लकोटांनी तो पैसा घेतला नाही. आम्हाला डोंगर परत हवेत, म्हणाले. ती रक्कम आजही व्याजासह पडून आहे.

तर पाइन रिजच्या मुली त्या लीडमध्ये खेळायला गेल्या होत्या.

पाइन रिजमध्ये सांगतात ते असं. सामन्याआधी पाहुण्या संघानं मैदानाला एक फेरी मारायची पद्धत. मुली दाराआड रांगेत उभ्या. आतून गर्दीच्या आरोळ्या येत होत्या. चित्रपटातले ‘इंडियन’ जसे ओरडतात, तशी नक्कल चालली होती. जातीवाचक शिव्याही होत्या. रांगेत पुढं असलेली मोठी मुलगी बिचकली. सूअ‍ॅन म्हणाली, मी पुढं होते.

ती पळत मैदानाच्या मध्यावर गेली आणि थांबली. अंगातलं सरावाचं जाकीट काढून तिनं खांद्यांवर शालीसारखं घेतलं आणि ती नाचू लागली. लकोटा बायकांचं शालीचं नृत्य. सोबत लकोटा भाषेतलं गाणं. चौदा वर्षांची मुलगी, भरल्या व्यायामशाळेत, एकटी. हळूहळू आरोळ्या थांबल्या. मग तिनं चेंडू घेतला, फेरी मारली आणि पळता पळताच तो रिंगमध्ये टाकला.

लीडमधल्या काही लोकांचं म्हणणं वेगळं आहे. असं काही घडलंच नाही, असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं इथं नोंदवायलाच हवं. मला मात्र या गोष्टीत वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. १८८३ साली अमेरिकी सरकारनं मूलनिवासींच्या नृत्यांना आणि विधींना गुन्हा ठरवलं होतं. नाचलं तर शिधा बंद, नाहीतर कोठडी. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जाई आणि तिथं लकोटा बोललं की मार बसे. आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचं संरक्षण कायद्यानं मिळालं ते १९७८मध्ये. तेव्हा सूअ‍ॅन चार वर्षांची होती. म्हणजे तिच्या आजीच्या, पणजीच्या पिढीनं जे लपूनछपून जपलं, ते या मुलीला गाण्यासकट येत होतं. कुणीतरी तिला शिकवलं होतं. पाइन रिजमधली माणसं ही गोष्ट इतक्या मायेनं का सांगतात, ते इथं कळतं.

[दृश्य : वूंडेड नी. टेकडीवरची दफनभूमी, कुंपणाला बांधलेली रंगीत फडकी.]

पाइन रिज गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर वूंडेड नी आहे. २९ डिसेंबर १८९०ला अमेरिकी सैन्यानं तिथं अडीचशेहून अधिक लकोटांना मारलं. त्यांत बायका आणि पोरं पुष्कळ होती. १९८६पासून त्यांचे वंशज दर डिसेंबरला घोड्यांवर बसून, कडाक्याच्या थंडीत, मारले गेलेले लोक ज्या वाटेनं आले होते त्याच वाटेनं वूंडेड नीपर्यंत येऊ लागले. पाच वर्षं. १९९०मध्ये हत्याकांडाला शंभर वर्षं झाली, तेव्हा शेकडो स्वार आले आणि अश्रू पुसण्याचा विधी झाला. राज्याचे गव्हर्नर जॉर्ज मिकेल्सन यांनी ते वर्ष समेटाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं.

सूअ‍ॅनची खेळाची वर्षं नेमकी हीच. आपली माणसं आपल्या मेलेल्यांना कसं आठवतात, ते पाहतच ती मोठी होत होती. लकोटांमध्ये शोक उरकून टाकत नाहीत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर दुःख पाळतात. त्या वर्षात घरच्या बायका रजया शिवतात, वस्तू जमवतात. वर्ष सरलं की सगळ्यांना जेवायला बोलावतात आणि जमवलेलं वाटून टाकतात. गेलेल्याच्या नावानं जितकं देता येईल तितकं द्यायचं.

चिक यांच्यावर ही वेळ आली. शेजारी बसलेली लेक गेली आणि त्या मागे राहिल्या.

सूअ‍ॅन जिवंत असताना एका जागेबद्दल बोलायची. ‘हॅपीटाउन’ म्हणायची तिला. पाइन रिजच्या पोरांना शाळा सुटल्यावर जाता येईल, खेळता येईल, कुणी पिऊन आलेलं नसेल, अशी जागा. एवढंच तिचं स्वप्न. मोठ्या शहरात वाढलेल्याला ते किरकोळ वाटेल. पण जिथं संध्याकाळी पाचला अंधार पडतो, जवळचं दुकान मैलोन् मैल लांब असतं आणि घरात भांडणं असतात, तिथल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा.

अपघाताच्याच वर्षी, १९९२मध्ये, चिक यांनी पाइन रिजमधली एक जुनी इमारत घेऊन तिथं मुलांसाठी केंद्र उभारायला सुरुवात केली. पैसा नव्हता. इमारत दुरुस्तीला आलेली होती. गावातल्या लोकांनी हात लावले, बाहेरून मदत आली, आणि त्यातून ‘सूअ‍ॅन बिग क्रो बॉइज अँड गर्ल्स क्लब’ झाला. बॉइज अँड गर्ल्स क्लब ही अमेरिकेतली जुनी, देशभर पसरलेली संस्था. मूलनिवासींच्या भूमीवर तिचा पहिला क्लब हा. त्यानंतर इतर अनेक जमातींच्या प्रदेशांत असे क्लब उघडले. त्या साखळीच्या सुरुवातीला दुःखात बुडालेली एक आई आहे, हे तिथं जाणाऱ्या कित्येक मुलांना ठाऊकही नसेल.

लेक गेल्यावर आईनं आभाळाकडे पाहत बसावं, असं कुणालाही वाटलं असतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. चिक यांनी मात्र दार उघडं ठेवलं, दिवे लावले, पोरांना खाऊ घातलं. मला या कामाचं मोल त्या ६७ गुणांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

[दृश्य : व्यायामशाळा. लाकडी फरशीवर बुटांचे आवाज. सामन्यानंतर खेळाडूच्या खांद्यावर चांदणीची नक्षी असलेली रजई घातली जाते.]

अकाली गेलेल्यांची यादी लकोटांकडे लांब आहे. रस्त्यांवरच्या अपघातांत मरण्याचं प्रमाण अमेरिकेत मूलनिवासींमध्येच सर्वांत जास्त आहे. आणि बायकांचं तर आणखी वेगळंच. किती तरी मूलनिवासी तरुणी, लेकुरवाळ्या आया, बेपत्ता होतात, मारल्या जातात, आणि त्यांचा नीट तपासही होत नाही. २०१९च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये लोअर ब्रूल जमातीची लकोटा धावपटू जॉर्डन मरी डॅनियल तोंडावर लाल पंजा रंगवून धावली. सव्वीस मैल, सव्वीस बायका. प्रत्येक मैल तिनं एकीच्या नावानं काढला.

धावताना नाव घ्यायचं, खेळताना नाव घ्यायचं, ही रीत सूअ‍ॅनच्या वाट्यालाही आली. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं, नॅशनल एज्युकेशन असोसिएशननं, तिच्या नावाचा पुरस्कार ठेवला. आपल्या बरोबरीच्या मुलांना सन्मानानं जगता यावं म्हणून झटणाऱ्या विद्यार्थ्यांना तो मिळतो. दक्षिण डकोटात राज्य स्पर्धेच्या वेळी ‘स्पिरिट ऑफ सू’ पुरस्कार दिला जातो, शेवटच्या वर्षाला असलेल्या खेळाडूंना. त्यासाठी खेळ पाहतात, अभ्यास पाहतात, वागणूक पाहतात. गोरी मुलं तो घेतात, लकोटा मुलं घेतात. ज्या राज्यात शाळकरी मुलींना आरोळ्या ऐकाव्या लागल्या, असं सांगतात, तिथं भरगच्च सभागृहात माइकवरून तिचं नाव पुकारलं जातं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

आज तो पुरस्कार घेणाऱ्यांपैकी कुणीच तिला खेळताना पाहिलेलं नाही. त्यांच्या आया-मावश्यांनी कदाचित पाहिलं असेल. काहींनी तर तिच्याविरुद्ध खेळून मारही खाल्ला असेल, गुणफलकावरचा. त्या घरी मुलींना सांगत असतील, की सू डावीकडून येतेय असं वाटायचं आणि ती केव्हाच उजवीकडून निघून गेलेली असायची.