पेडल मऊ लागतंय

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर, सकाळ. गॅरेजात उभी गाडी. कॅमेरा ड्रायव्हरच्या पायाशी.)

ब्रेकचं पेडल कसं, पायाला थटून उभं राहिलं पाहिजे. हे राहत नाही. गादीत पाय रुतावा तसं आत जातं आणि गाडी थांबते ती अगदी शेवटी. अशी गाडी आली की गॅरेजात वाक्य ठरलेलं : "एअर धरलीय, काढून टाकू." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ब्रेक ऑइलच्या बंद लाइनीत हवा आपोआप शिरत नाही. ती कुठून आली हे न बघता नुसती काढली, तर गाडी आठवड्यात परत दारात.

म्हणून आधी पाना नाही, पाय.

इंजिन बंद. चार-पाच वेळा पेडल मारून बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपवायचा. मग सावकाश दाबत राहायचं. दर दाबाला पेडल वर येत गेलं, तर एकतर लाइनीत हवा आहे, नाहीतर मागच्या ड्रमातले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेलेत. फरक पायालाच कळतो. हवा असली की पेडल रबरासारखं उलट ढकलतं. लायनरचा प्रश्न असेल तर पेडल खोल जातं, पण जिथं थांबतं तिथं दगडासारखं. त्यात हँडब्रेकही जास्त ओढावा लागत असेल, तर ड्रम उघडा, अ‍ॅडजस्टर फिरवा. ऑइलच्या बाटलीला हात लावायची गरज नाही.

आता पेडल दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकतंय आणि चारही चाकांशी, पाइपांशी कुठं ओल नाही? मग मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणाऱ्या नळकांड्याचं, रबर आतल्या आत ऑइल सोडतंय. तिथं एअर काढणं म्हणजे फुकटची मजुरी.

(दृश्य : करूळ घाट, वळणावर धुकं.)

कोल्हापूरकडच्या गाड्यांची एक तक्रार मात्र गॅरेजात सापडतच नाही. गगनबावड्यापर्यंत ब्रेक ठणठणीत. करूळ घाट उतरताना मध्येच पेडल मऊ. खाली वैभववाडीत चहा घेईस्तोवर पुन्हा कडक. ही हवा नव्हे, वाफ. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. डॉट ३ आणि डॉट ४ हे या ऑइलचे दर्जे. नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. उतारभर पाय ब्रेकवरच असला की पॅडची धग कॅलिपरमधून (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतून) ऑइलला लागते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. चाक गार झालं की पुरावा गायब. उपाय एकच : साधारण लिटरभर सीलबंद ऑइल आणून सगळं बदला, पुढं दर दोन वर्षांनी बदलत राहा. आणि घाट गिअरवर उतरा.

(दृश्य : जवळून. डाव्या मागच्या चाकाचा हवा काढायचा निप्पल, त्यावर पारदर्शक नळी. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं.)

आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला. म्हणून सहसा सुरुवात सर्वांत लांबच्या, डाव्या मागच्या चाकापासून. मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेत बघावा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतात. कारण पेडल तळापर्यंत गेलं, तर सिलिंडरच्या गंजलेल्या भागात पिस्टन घासून चांगलं रबरही कापलं जातं.

"दाब."
"दाबलंय, मेस्त्री."
"धर तसंच."

रिंग पाना पाव फेरा फिरतो. नळीत आधी चहासारखं तपकिरी ऑइल, त्यामागं मोहरीएवढे बुडबुडे, एकामागं एक. पेडल ठोकळ्याला टेकतं. पाना घट्ट, आणि मगच "सोड". उलट झालं, म्हणजे निप्पल उघडा असताना पाय सुटला, तर तिथूनच हवा परत आत. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच चालतं. वरच्या डब्यातलं ऑइल मात्र खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही; गेलं तर पुन्हा पहिल्या चाकापासून. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सुटतो.

एवढं करूनही बुडबुडे येतच राहिले, तर कॅलिपर बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निप्पल खाली येतो आणि हवा वरच अडकते. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल, तर स्कॅनर लावून त्याचा पंप फिरवावा लागतो. बुडबुडे नाहीत तरी पेडल मऊच? चाकाजवळच्या रबरी होजवर हात ठेवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. होज हाताला फुगलेला लागला, की बदलायचा.

सिलिंडर-कॅलिपरच्या रबरांचं किट बदलताना सुटे भाग पेट्रोल-डिझेलात धुवायची सवय आपल्याकडं जुनी आहे. ती ब्रेकला चालत नाही. रबर फुगतं, पिस्टन अडकतो. ब्रेक क्लीनर वापरा, नाहीतर नवं ब्रेक ऑइलच.

(दृश्य : डब्याचं झाकण बसतं. इंजिन सुरू होतं.)

पेडलवर पाय असताना इंजिन चालू केलं की पेडल किंचित खाली जातं. तो बूस्टर काम करतोय, घाबरू नका. निप्पल कोरडे आहेत का, हे फडक्यानं पुसून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगानं चार-पाच ब्रेक, आणि परत आल्यावर बॉनेट उघडून ऑइलची पातळी पुन्हा एकदा.