आधी कॉटर सोडवा, मग स्प्रिंग दाबा

मंडळी, कोल्हापूरला इंजिन नवं नाही. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर चालणारी ऑइल इंजिनं याच गावच्या उद्यमनगरात घडली. त्यामुळं घरी इंजिन खोलणाऱ्या पोराला इथं कुणी वेड्यात काढत नाही. पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं की बऱ्याच जणांचा हात व्हॉल्व्ह स्प्रिंगपाशी थबकतो. आज तेवढंच बोलू.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा आत घेणारी, धूर बाहेर सोडणारी झडप; स्प्रिंग ती मिटवून धरते. ही स्प्रिंग जागेवर राहते कशी? व्हॉल्व्हच्या दांडीला वरच्या टोकाजवळ खाच असते. त्या खाचेत दोन अर्धगोल कॉटर, म्हणजे पाचरी, बसतात आणि त्यांच्याभोवती रिटेनर, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरची वाटी. रिटेनरचं भोक वर रुंद, खाली अरुंद. स्प्रिंग रिटेनरला वर रेटते, आणि जितकं रेटते तितके कॉटर दांडीला आवळले जातात. कुदळीचा दांडा असाच बसतो: काम करत जाल तसा घट्ट होतो, आणि काढायचा तर उलट बाजूनं ठोकावा लागतो.

इंजिन ६००० आरपीएमवर असेल, तर फोर स्ट्रोकमधला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ही स्प्रिंग तो ५० वेळा मिटवते. वर्षानुवर्षं हे चालल्यावर, जळक्या ऑइलचा थर धरल्यावर, कॉटर रिटेनरला चिकटून बसतात. मग तुम्ही कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबायचा शिकंजा, लावता, स्क्रू आवळता, आवळत राहता. रिटेनर हलत नाही, कॉम्प्रेसरची चौकट मात्र वाकते. आणि कधीतरी फाडकन सुटतं. अपघात होतो तो याच क्षणी.

म्हणून आधी ठोका. हेड पाटावर ठेवा, व्हॉल्व्हच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा द्या, म्हणजे व्हॉल्व्ह खाली सरकणार नाही. रिटेनरवर सॉकेट (नट खोलायचा पोकळ पाना) उभा धरा. तो रिटेनरच्या कडेवरच टेकला पाहिजे. दांडीवर किंवा कॉटरवर टेकला तर घाव फुकट जातो. हातोडीचा एक नेमका ठोका द्या, कॉटर सैल होतात. मग कॉम्प्रेसर लावा, कॉटर मोकळे दिसतील इतपतच दाबा आणि ते चुंबकानं उचला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, त्यावर मी वाद घालत नाही. मोटारसायकलच्या छोट्या हेडला मोठा कॉम्प्रेसर बसत नाही. त्यासाठी लेथवाल्याकडून पाइपचा तुकडा करून घ्या, बाजूला खिडकी कापलेला, कॉटर काढता येतील असा.

स्प्रिंग निघाली म्हणून व्हॉल्व्ह लगेच खाली ढकलू नका. खाचेच्या कडेवर बोट फिरवा. तिथं बारीक धार उठलेली असते. ती गाईडमधून, म्हणजे दांडी सरकते त्या नळीतून, ओढलीत तर चांगला गाईड ओरखडून ठेवाल. बारीक कानशीनं धार मारा, पुसा, मग व्हॉल्व्ह काढा. प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग, त्याचे कॉटर एकत्र ठेवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घातले तरी पुरे. एका सीटवर, म्हणजे तो मिटतो त्या कडेवर, झिजलेला व्हॉल्व्ह दुसऱ्या सीटवर नीट बसत नाही.

स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून गुण्याला लावा, कललेली दिसली तर बदला. मोकळी लांबी व्हर्नियरनं मोजा आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा. दिसायला चकचकीत असणं ही काही कसोटी नव्हे. वेटोळी एका टोकाला दाट असतील, तर ते टोक सहसा हेडकडे जातं. काढतानाच खूण करा.

नुसते व्हॉल्व्ह सील (दांडीवरून ऑइल खाली न जाऊ देणाऱ्या टोप्या) बदलायचे असतील तर हेड न उतरवताही जमतं. पिस्टन वर येण्याआधी थोडा खाली असताना स्पार्क प्लगच्या भोकातून जाड, धागे न सुटणारी नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर राहू द्या. क्रँक हातानं हळूहळू फिरवा. दोरी दाबली जाऊन व्हॉल्व्हला खालून आधार देते. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोकच. ऑइल खाली जाणारी भोकं आधी चिंध्यांनी बुजवा. कॉटर तिथून गेला तर खालचं ऑइलचं चेंबर खोलायची वेळ येते.

परत बसवताना कॉटरला आतून ग्रीस लावा, दांडीला चिकटून राहतात. कॉम्प्रेसर सोडल्यावर दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीनं टकटक करा, कॉटर पक्के बसतात. शेवटी पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत, रॉकेल ओता आणि थांबा. व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं, तर सीट पुन्हा घासायची.

टेबलावर एक हेड ठेवलंय. चष्मा घाला आणि एकेकानं पुढं या.