कोऱ्या पानांची पोथी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या वाचनगटात सहा जण आहोत आणि या खेपेला पुस्तकाची प्रत मिळाली एकच. मर्व्हिन पीक यांची 'टायटस ग्रोन' ही इंग्रजी कादंबरी, १९४६ साली आलेली. वाटून घेणार कशी? मग ठरलं की प्रत हातोहात फिरवायची, आणि ज्याला जिथे हसू येईल त्याने तिथे समासात बरोबरची खूण करायची. जिथे हसू थांबेल तिथे फुली. पेन्सिलीनेच, कारण प्रत माझी आहे! पाच महिन्यांनी ती माझ्याकडे परत आली. आज त्या खुणांबद्दल बोलणार आहे.

आधी पुस्तकाचं थोडं सांगते. गॉर्मनगास्ट नावाचा अवाढव्य किल्ला आहे. कुठे आहे, कुठल्या काळातला, काही पत्ता लागत नाही. मनोरे, ओस पडलेले सज्जे, वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली दालनं. किल्ल्याचा उमराव सदा उदास. त्याची बायको पांढऱ्या मांजरांच्या घोळक्यात वावरते आणि तिच्या अंगाखांद्यावर पाखरं बसलेली असतात. त्यांना मुलगा होतो, तोच टायटस, आणि कथा सुरू होते. पण ज्याच्या नावाची कादंबरी तो पहिल्या पानावर जन्मलेला नायक शेवटच्या पानावर जेमतेम वर्षाचा! आमच्या गटातल्या तरुण इंजिनिअरने पहिली तक्रार केली ती हीच. "साडेचारशे पानं वाचली, आणि हिरो अजून पाळण्यात?"

याला अद्भुतिका म्हणतात खरं, पण इथे जादू नाही, चेटूक नाही. किल्ला मात्र चालतो तो फक्त विधींवर.

रोज सकाळी उमराव न्याहारीला बसतो तेव्हा सावरडस्ट नावाचा म्हातारा शास्त्री तीन जाड पोथ्या घेऊन हजर होतो. पहिलीत दिवसभराचा कार्यक्रम: कोणत्या वेळी काय करायचं, अंगावर काय घालायचं, कोणत्या वाटेने जायचं. उमराव तीन इंच बुटका असता तर कपडेही वेगळे आणि वाटाही वेगळ्या. तिसरी पोथी संदर्भांची. आणि मधली? मधली अथपासून इतिपर्यंत कोरी. ती निव्वळ प्रतीक म्हणून आणायची.

या पानावर सर्वांत ठसठशीत खूण आहे ती आमच्यातल्या निवृत्त अव्वल कारकुनांची. कागद फाटेस्तोवर पेन्सिल दाबली आहे. त्यांची नोकरी तहसील कचेरीत झाली; तालुका सांगत नाही. म्हणाले, "आमच्याकडे होती अशी नोंदवही. योजना बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, पण दर महिन्याला 'निरंक' लिहून साहेबांची सही घ्यायची. मी रुजू झालो त्या दिवशी माझ्या हाती दिली आणि सांगितलं, ही सांभाळा." ते हसले, आम्ही हसलो. मग चहा येईपर्यंत ते काही बोललेच नाहीत.

खानावळवाल्या काकूंच्या खुणा मात्र भलतीकडेच निघाल्या. किल्ल्याच्या मुदपाकखान्यात स्वेल्टर नावाचा प्रचंड देहाचा आचारी आहे. वारस जन्मला त्या दिवशी तो दारू पिऊन झिंगतो आणि हाताखालच्या पोरांना उभं करून भाषण ठोकतो. आम्ही चार जणांनी त्या भाषणावर खुणांची रांगोळी घातली होती. काकूंची तिथे पहिल्याच ओळीला फुली. "पंचवीस वर्षं चूल सांभाळली मी. मालक पिऊन बोलायला लागला की पोरं कशी उभी राहतात ते मला ठाऊक आहे. हसू नाही आलं बाई." त्याच गर्दीतून स्टीअरपाइक हा सतरा वर्षांचा पोऱ्या निसटतो, तेव्हा काकूंनी समासात चक्क 'पळ!' असं लिहिलंय.

आता गंमत अशी की हाच पोऱ्या पुढे या कथेतला सगळ्यात थंड डोक्याचा खलनायक होतो. गोड बोलून पायरी पायरी वर चढतो, उमरावाच्या दोन भोळसट जुळ्या बहिणींना हाताशी धरतो आणि त्यांच्याकरवी ग्रंथालयाला आग लावतो. काकूंची दुसरी फुली तिथे. त्या आगीत सावरडस्ट मरतो, उमरावाची पुस्तकं जातात आणि पुस्तकांपाठोपाठ त्याचं भानही. आपण घुबड आहोत असं त्याला वाटू लागतं. हे सांगताना विनोदी वाटतं ना? वाचताना हसणारा आमच्यात एकही नव्हता.

पण सावरडस्टच्या अंत्यविधीवर आमचं खरं भांडण झालं. सांगाडा सापडतो, कवटी मात्र गायब. विधी तर व्हायलाच हवा! मग वासराची कवटी आणून ती रिबिनीने मणक्यांना बांधतात आणि म्हाताऱ्याला यथासांग पुरतात. इंजिनिअर इथे खो खो हसला. याआधी साठाव्या पानावर त्याने पुस्तक मिटलं होतं. फ्ले नावाचा किडकिडीत सेवक, ज्याचे गुडघे प्रत्येक पावलाला कटकट वाजतात, तो रागाच्या भरात स्टीअरपाइकवर मालकिणीचं मांजर फेकून मारतो, असं कोणीतरी सांगितलं तेव्हा कुठे तो परतला. आमच्या सातारकर मित्राने मात्र रिबिनीपाशी फुली मारली होती. त्यांच्या गावच्या देवाची पूजा चार घरांत पाळीने चालते. तिघं मुंबईत असतात. पाळी आली की कोणीतरी रातोरात एस.टी. पकडतं, पूजा उरकतं आणि परत फिरतं. "उमरावाच्या त्या तीन इंचांवर हसलो होतो मी," तो म्हणाला, "पण बांधून का होईना, पुरं करायचंच, यात हसण्यासारखं काय आहे?" इंजिनिअर म्हणाला, तेच तर हसण्यासारखं आहे. पाऊण तास चाललं.

ती कवटी पळवली कोणी, हे मी सांगणार नाही. तिचा पुढे उपयोग होतो, एवढंच.

मला स्वतःला पीक हसवतात ते चित्रकाराच्या नजरेने, असं वाटतं. ते पेशाने चित्रकारच होते. हस्तलिखिताच्या कडेला पात्रांचे चेहरे काढत. मुदपाकखान्याच्या भिंती घासणारी अठरा माणसं आहेत, वंशपरंपरेने तेच काम. भिंती घासून घासून त्यांचे चेहरेही दगडी फरशीसारखे झाले आहेत. माझी खूण तिथे आहे, आणि फुलीही तिथेच, एकाच ओळीवर. पीक यांचा जन्म चीनमधला, १९११ चा; वडील मिशनरी डॉक्टर. बालपण तिएनत्सिनला, भिंतीआडच्या मिशनच्या वसाहतीत गेलं. किल्ला तिथूनच आला असं मी म्हणणार नाही, पण भिंतीच्या आतलं जग म्हणजेच सगळं जग हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसेल. १९६८ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर ते गेले.

रेडिओवर बोलते आहे म्हणून एक सांगून टाकते. १९८४ साली बीबीसीने याचं नभोनाट्य केलं आणि स्टीअरपाइक झाला होता गायक स्टिंग. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "गोड आवाजाचाच हवा तो."

पुढच्या रविवारी आमचा गट या कथेचं दुसरं पुस्तक सुरू करतोय. अव्वल कारकुनांनी आधीच चौकशी केली, "वारसाचं वय किती आता?" सात, म्हटलं. "मग शाळेत घालायला हवा." घातलाय की! त्या पुस्तकात अख्खी शाळा आहे, आणि मास्तरांची खोली तर विचारूच नका. हे ऐकल्यावर आमच्या सहाव्या सभासद, बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांनी पहिल्या पुस्तकात एकही खूण केली नव्हती, त्यांनी हात वर केला. प्रत आधी त्यांच्याकडे जाईल. पेन्सिल तासून आत ठेवली आहे.

नमस्कार.