रिलाटनची रास

वारा ऐकलात? त्याला अडवायला इथे झाडच नाही.

हे बॉडमिन मूर, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं उघडं माळरान. मिनियन्स गावातून पायवाटेने निघालं, की 'हर्लर्स'ची तीन दगडी वर्तुळं मागे पडतात आणि चीजरिंगच्या खडकांकडे जाताना हा उंचवटा दिसतो, रिलाटनची रास. टेकाडच वाटतं. पण गवताखाली नुसते दगड आहेत, माणसांनी एकेक करून वाहून आणलेले. रुंदी पंचवीसेक मीटर.

1837 मध्ये मजूर इथे आले ते बांधकामाला दगड हवा म्हणून. रास उपसता उपसता पूर्वेच्या अंगाला ग्रॅनाइटच्या शिळांची पेटी लागली. आत माणसाचा सांगाडा. जवळ मातीचं भांडं, ब्राँझचा खंजीर, मणी. आणि सोन्याचा पेला.

उंची जेमतेम 9 सेंटीमीटर. सोन्याचा एकच गोळा ठोकून ठोकून त्याचा पत्रा केलेला, आणि त्या पातळ पत्र्याला ताठपणा देणाऱ्या आडव्या पन्हळी थेट बुडापर्यंत. कान रिव्हेटने जोडलेला, रिव्हेटखाली शंकरपाळ्याच्या आकाराच्या इवल्या चकत्या. साडेतीन हजार वर्षांहून जुना हा हात किती स्थिर असेल!

असं धन राजाचं, या नियमाने पेला राजघराण्याकडे गेला. पाचव्या जॉर्जच्या खोलीत त्यात कॉलरची बटणं ठेवत, असं सांगतात. 1936 मध्ये राजा वारला, तेव्हा कुठे पेल्याची खरी ओळख पुन्हा पटली. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या माळाची एक गोष्ट आहे. चीजरिंगपाशी बसलेला एक पुजारी येणाऱ्याजाणाऱ्या शिकाऱ्यांना कधीच न संपणारा पेला पाजायचा. एका स्वाराला तो रिता करता येईना. चिडून त्याने उरलेली दारू पुजाऱ्याच्या तोंडावर फेकली, पेला घेऊन पळाला आणि घोड्यासकट कड्यावरून कोसळला. त्याला पेल्यासोबत इथेच पुरलं म्हणे.

मला मात्र ते लोक आठवतात, ज्यांनी आपलं माणूस इथे ठेवलं आणि असा पेला परत न्यायचा नाही असं ठरवलं.

रास आता कायद्याने संरक्षित आहे. परवानगीशिवाय दगड हलवणं गुन्हा. आलात तर वर चढू नका, कडेने फिरा. पूर्वेच्या बाजूला वाकून पाहा. पेटी अजून तिथेच आहे.