लग्न नेमकं कधी लागतं?

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीची लग्नं लागली की घराघरांत पत्रिका यायला लागतात, आणि माझ्याकडे लग्नाचे फोटो काढायला शिकायचंय असं म्हणणारी मुलंमुली यायला लागतात. पहिला प्रश्न ठरलेला. मॅडम, कॅमेरा कुठला घेऊ? त्याचं उत्तर पटकन देऊन टाकते. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारा कुठलाही कॅमेरा घ्या. सेकंडहँड मिळाला तरी चालेल. कार्ड दगा देतं, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही. सोबत कमी उजेडात चालणाऱ्या दोन लेन्स, एक ३५ मिलिमीटरची आणि एक ८५ची. एवढ्यावर काम सुरू होतं.

मला आज बोलायचंय ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हा प्रश्न तुम्ही मला विचारायचा नाही, लग्नघरी जाऊन विचारायचा. लग्नाच्या आधी दोन-तीन दिवस. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईसमोर बसायचं आणि म्हणायचं, "आजी, तुमच्यात लग्न लागलं असं नेमकं कधी म्हणतात?"

पुन्हा सांगते. आजी, तुमच्यात लग्न लागलं असं नेमकं कधी म्हणतात?

प्रत्येक लग्नात असा एक क्षण असतो. कुठला एखादं मिनिट चालतो, कुठला दोन श्वासांत संपतो. त्याच्या आधी ती दोघं वर-वधू असतात, त्यानंतर नवरा-बायको. आणि हा क्षण दर घरी वेगळ्या जागी असतो.

आपल्या मराठी लग्नात म्हणाल तर शेवटचं "शुभमंगल सावधान", अंतरपाट बाजूला, वाजंत्री, अक्षता, हार. हे तुम्हाला काय सांगायचं! पण कायदा विचाराल तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. आणि सातवं पाऊल पडतं तेव्हा मांडवात कोण असतं? भटजी, आईवडील, करवली आणि आम्ही फोटोवाले. बाकी सगळे जेवणाच्या रांगेत, हातात ताट घेऊन उभे. मला याचं फार वाईट वाटतं. पूर्वी पंगत असायची. वाढपी वाढायचे, यजमान आग्रह करत फिरायचे, आणि पंगत बसायची ती विधी आटोपल्यावर. माणसं थांबायची. उभ्याउभ्या जेवायची पद्धत आली आणि थांबणं गेलं. ज्यांना जमेल त्यांनी पंगतच घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नास माणसं कमी बोलवा, पण बसवून जेवू घाला. असो.

निकाह असेल तर तो क्षण म्हणजे "कबूल है". पण लक्षात ठेवा, बऱ्याच घरांत नवरी वेगळ्या खोलीत असते. वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि साक्षीदार आत जाऊन तिची संमती घेतात, निकाहनाम्यावर तिची सही होते. बाहेर काझीसाहेबांसमोर नवरदेव कबुली देतो. म्हणजे एका लग्नात दोन जागा, आणि आतल्या जागेत पुरुष फोटोवाल्याला जाता येत नाही. मी बाई असल्यामुळे जाऊ शकते. तिथेही आधी विचारायचं, चेहरा टिपलेला चालेल का, आणि अल्बम कोण कोण बघणार. सही करणारा मेंदीचा हात, एवढा एक फोटोसुद्धा पुरतो.

वसईकडे किंवा गोव्यात चर्चमधलं लग्न असेल तर दोघांनी एकमेकांना दिलेला होकार हा तो क्षण. फादरना आधी भेटायचं. वेदीच्या किती जवळ येऊ, फ्लॅश चालेल का, हे ते सांगतात, आणि ते सांगतील तसंच वागायचं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात मुहूर्ताची घाई नसते. वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात, त्रिशरण-पंचशील होतं, प्रतिज्ञा होतात आणि वर फुलांच्या पाकळ्या पडतात. तिथे घरच्यांना हवं असतं ते असं, की जोडपं आणि मागची बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा एकाच फोटोत यावी. त्यासाठी थोडं खाली बसून काढावं लागतं. पारशी लग्नातही आपल्यासारखाच मध्ये कापड धरतात, त्याला ते आरा अंतर म्हणतात. कापड खाली आलं की दोघं एकमेकांवर तांदूळ टाकतात, आणि आधी कुणी टाकले यावर सगळी मंडळी हसत असतात. डोळ्याला कॅमेरा लावूनच बसायचं.

आता मी तुम्हाला एका आजींची गोष्ट सांगते. ही मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात. चादरी आणि टॉवेल विणणारी माणसं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांची रथयात्रा निघते ती त्यांचीच. तर तिकडचा मुलगा आणि इकडची मराठी मुलगी, असं एक लग्न माझ्याकडे आलं. दोन्ही घरं राजीखुशीची. पण दोन पुरोहित. मुलीकडचे भटजी, मुलाकडचे पंतुलु. भटजींच्या हातात दाते पंचांग, जे आमच्या सोलापुरातूनच निघतं, आणि पंतुलुंच्या हातात तेलुगू पंचांग. दोघांनी बसून दोन्हीकडे चालेल अशी वेळ काढली. मुहूर्त एक, अंतरपाट एक. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलं.

मी माझ्या नेमाप्रमाणे मुलाच्या घरी गेले. दारातच यंत्रमागाची खटखट. आत अव्वा, म्हणजे आजी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. माझ्याशी बोलताना त्यांची बोटं थांबत नव्हती. मी विचारलं, "अव्वा, तुमच्यात लग्न लागलं असं कधी म्हणतात?"

सूप बाजूला ठेवलं त्यांनी. उठल्या, आत गेल्या, आणि वाटीत जिरं आणि गूळ कुटून घेऊन आल्या. विड्याच्या पानावर त्याची गोळी ठेवली. म्हणाल्या, "इकडं ये. खाली बस." आणि ते पान त्यांनी माझ्या टाळूवर ठेवून तळहातानं दाबलं. चांगलं दाबलं. पानाचा गारवा टाळूला लागला, आणि त्या म्हणाल्या, "हे. हे झालं की झालं. मंगळसूत्र मग."

जीलकर्र-बेल्लम म्हणतात त्याला. जिरं आणि गूळ. मुहूर्ताच्या घडीला, मध्ये पडदा असतानाच, वर-वधू एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून ते दाबून धरतात. मग पडदा काढतात आणि एकमेकांना बघतात.

आता ऐका हं, कुठे अडचण आहे. मराठी लग्नात पडदा जातो तेव्हा लग्न लागतं. तेलुगू लग्नात पडदा असताना लग्न लागतं. कापड तेच, घडी तीच, पण एकाचा क्षण कापड काढल्यावर आणि दुसऱ्याचा कापड काढण्याआधी. आणि मराठी पाहुणे "सावधान" ऐकलं की कुणाच्या बापाला थांबत नाहीत. अक्षता उडणार, बँड वाजणार, लोक पुढे सरकणार. अव्वा मला म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या लग्नात फोटोवाला होता. हारांचे फोटो काढले. स्टेजवरचे काढले. डोक्यावर हात नाही काढला. बाई, हार सगळ्यांकडं असतात. हात दिसला पाहिजे." आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

मी तिथूनच मुलीकडे गेले आणि भटजींना भेटले. म्हटलं, "गुरुजी, शेवटच्या सावधाननंतर अंतरपाट लगेच काढू नका. पंतुलुंनी मान हलवली की मग काढा." भटजी चांगले होते. म्हणाले, "दोन मंगलाष्टकं जास्त म्हणायची तयारी आहे माझी, तुम्ही काळजी करू नका." बँडवाल्यांना गाठलं. त्यांना सांगितलं, इशारा माझा, सावधान नाही.

लग्नाच्या दिवशी उभं कुठे राहायचं, हे मी आदल्या संध्याकाळी रिकाम्या मांडवात ठरवलं होतं. आपण सहसा नवरीच्या मागे किंवा नवऱ्याच्या मागे उभे राहतो. पण मागे उभं राहिलं तर एकाचाच हात दिसतो. म्हणून मी अंतरपाटाच्या टोकाला उभी राहिले, कापडाच्या अगदी रेषेत, एका पाटावर. तिथून कापड कडेनं दिसतं, एक उभी पांढरी रेघ. रेघेच्या या बाजूला नवरा, त्या बाजूला नवरी. माझ्या बाजूचं टोक नवरीच्या मामांनी धरलेलं. त्यांना विनंती केली, "मामा, कापड ताणून धरा, झोळ पडू देऊ नका."

मंगलाष्टकं सुरू झाली. मामीनं म्हटलं, आत्यानं म्हटलं, एका काकांनी तर स्वतः रचलेलं म्हटलं. गर्दी दाटत आली. आणि मोबाइल! श्रोतेहो, मी हात जोडून सांगते, लग्नात मोबाइल खिशात ठेवा. जिच्या लग्नाला तुम्ही आलात ती मुलगी मान वर करते तेव्हा तिला तुमचा चेहरा दिसू द्या. तुम्ही काढलेला फोटो तुम्ही पुन्हा बघत नाही, हे मला माहीत आहे. आमचे फोटो आम्ही तुम्हाला देतो, घरपोच देतो.

तर शेवटचं "सावधान" झालं. बँड गप्प. अक्षता मात्र उडाल्याच, त्या कोण थांबवणार! पंतुलुंनी दोघांच्या हातात पानं दिली. नवऱ्यानं हात कापडावरून पलीकडे नेला आणि बरोबर टाळूवर ठेवला. नवरी मराठी, शिवाय बुटकी, आणि पलीकडचं काही दिसत नाही. तिचा हात आधी त्याच्या कानावर गेला, मग कपाळावर. तेवढ्यात खुर्चीतून अव्वांचा आवाज आला, "पैन! पैन!" म्हणजे वर, वर. मुलीला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. पण ती टाचा उंचावून उभी राहिली, बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या, आणि हात टाळूवर पोचला. "गट्टिगा!" अव्वा ओरडल्या. घट्ट! आणि तिनं घट्ट दाबलं.

मी बटण दाबून धरलं होतं. त्या फोटोत मध्ये अंतरपाटाची रेघ आहे, वर दोन हात एकमेकांना ओलांडून गेलेत, नवऱ्याच्या भुवईपर्यंत गुळाचा ओघळ आलाय, आणि भोवती सगळीकडे हवेत अक्षता आहेत. अक्षता मराठी लग्नाच्या, हात तेलुगू लग्नाचे. मग पंतुलुंनी मान हलवली, भटजींनी अंतरपाट ओढला, मी बँडला हात केला.

अल्बम द्यायला गेले तेव्हा अव्वांनी हारांची पानं भराभर उलटली. त्या पानावर आल्यावर मुलीला, म्हणजे जिच्या लग्नात तो फोटो राहिला होता तिला, हाक मारली आणि अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. आणि मला म्हणाल्या, "जेवून जा." मी बसून जेवले.

आता उरलेलं थोडक्यात. ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी.

एक. अनेक पद्धतींची लग्नं शिकलात तर वर्षभर काम राहतं. मराठी घरांत काढीव मुहूर्त सोडले तर चातुर्मासात लग्नं नसतात. पण तेलुगू घरांत श्रावणात मुहूर्त निघतात. बौद्ध लग्नं बहुतेक रविवारी, सुटीच्या दिवशी. ख्रिस्ती मंडळी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात लग्न ठेवत नाहीत, नाताळनंतर मात्र धामधूम असते. मुस्लिम घरांत रमजान आणि मोहरम बहुधा टाळतात, आणि हे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात. म्हणून भिंतीवर एकच कॅलेंडर ठेवून भागत नाही.

दोन. मांडवाचं कापड लाल असलं की चेहरे लाल येतात. फ्लॅश छतावर मारलात तर आणखी लाल. छत पांढरं असेल तरच वर मारा, नाहीतर मंद दिवा बाजूला धरायला माणूस ठेवा. होमाच्या वेळी फ्लॅश बंद. अग्नीचा उजेड चेहऱ्यावर पडतो तेवढा पुरतो.

तीन. पैशांचं कागदावर लिहून घ्या. किती तास, किती माणसं, अल्बमची पानं किती, कधी देणार. निम्मे पैसे तारीख धरताना. नात्यातलं लग्न असेल तर आधी लिहा. आणि अल्बम छापाच. पेनड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. पेनड्राइव्ह मांडीवर ठेवून कुणी नातवाला दाखवत नाही.

आणि मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगते. या धंद्यात अजून पुरुषच जास्त आहेत. पण नवरीची खोली, हळदीचा ओसरीतला कोपरा, निकाहची आतली बैठक, बांगड्या भरायला बसलेल्या बायका, हे सगळं तुमच्यासाठी उघडं आहे. रात्री उशिरा परतावं लागतं म्हणून घरचे नको म्हणतात. दोघी मिळून काम धरा, येण्याजाण्याची गाडी कागदावर यजमानांकडे मागून घ्या. मी मागते, आणि मिळते.

पहिला हंगाम कुणाच्या तरी हाताखाली, दुसरा कॅमेरा, म्हणजे मदतीचा फोटोवाला, म्हणून काढा. पैसे कमी मिळतील. पण दुसरा कॅमेरा सगळ्यांनाच कमी पडतो, त्यामुळे तुम्हाला नाही कुणी म्हणणार नाही. आणि आजीला विचारायला जाताना कॅमेरा घरी ठेवून जा.

नमस्कार.